बाइकवर सॅटेलाइट रेडिओ : रेडिओ नंतर बघ, आधी अँटेना आणि कान

अरे, तुझा प्रश्न वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो, तू न्यू जर्सीत राहतोस, सेकंडहँड कावासाकी कॉन्कर्स १४ घेतलीयस, तिला कंपनीचा रेडिओ वगैरे काही नाही, मागे गिव्हीचा प्लास्टिकचा टॉप बॉक्स आहे, आणि उन्हाळ्यात तू आणि बायको दोघं मिळून स्कायलाइन ड्राइव्ह, ब्लू रिज, वेस्ट व्हर्जिनिया करत पुढे नेवाडा-कॅलिफोर्नियापर्यंत जाणार आहात. सिरियस-एक्सएम (वर्गणी भरून ऐकायचा इथला सॅटेलाइट रेडिओ) बसवावा की फोनवरच भागवावं असं विचारतोयस, शिवाय ओळखीच्या एकाकडे पडून असलेला जुना एक्सएम रेडिओ फुकट मिळतोय. आणि शेवटी, नाहीच जमलं तर तो साताऱ्याला भावाला पाठवू का, हेही.

मी इथे बरीच वर्षं बाइकवर ऑडिओ, जीपीएस, हीटेड जॅकेट वगैरेचं वायरिंग करून देतोय, त्यामुळे पसारा जरा मोठा होईल, चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे तुला तो लागतो का हे बघ. रोज ऑफिसला जायला-यायला, शनिवारी पेनसिल्व्हेनियापर्यंत एक चक्कर, एवढंच असेल तर लागत नाही. सिरियस-एक्सएमच्याच सबस्क्रिप्शनमध्ये बहुतेक वेळा अॅप मिळतं, फोनवर लाव, ब्लूटूथने हेल्मेटमध्ये ऐक, विषय संपला. जिथे मोबाइलला रेंज आहे तिथे अॅपचा आवाज सॅटेलाइटपेक्षा चांगला असतो हे उघड सत्य आहे, कारण उपग्रहावरून इतके चॅनल एका छोट्या पट्ट्यात कोंबायचे म्हणून आवाज दाबून दाबून पाठवतात, बडबडीचे चॅनल तर जास्तच.

सॅटेलाइटची खरी किंमत रेंज गेली की कळते. नेवाडात यूएस-५० धरलास, त्याला 'लोनलिएस्ट रोड' म्हणतात, तर फॅलन ते ऑस्टिन हे शंभराहून जास्त मैल जवळपास काहीच नाही, फोनची कांडी येते-जाते, एफएम लावलं तर खरखर, आणि डोक्यावर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं आकाश. तिथे हा रेडिओ एकदाही अडखळत नाही. वायोमिंग, मोंटाना, दक्षिण युटा, टेक्सासचा बिग बेंडचा भाग, सगळीकडे हीच गत.

पण तुझ्या ट्रिपचा पहिला अर्धा भाग याच्या बरोब्बर उलट आहे हे लक्षात घे. स्कायलाइन ड्राइव्ह १०५ मैल आणि त्यालाच लागून ब्लू रिज पार्कवे ४६९ मैल, आणि जून-जुलैमध्ये त्यातल्या कितीतरी भागावर दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना टेकलेली असतात. ओली हिरवी पानं ह्या फ्रिक्वेन्सीला चांगलीच खातात. तिथे फोनही नाही आणि सॅटेलाइटही तुटक तुटक, गाणं चालू, गाणं बंद, गाणं चालू, अशाने डोकं उठतं, त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. म्हणून ब्लू रिजसाठी फोनमध्ये आधीच डाउनलोड करून ठेव, आणि सॅटेलाइट पुढच्या मोकळ्या भागासाठी असं मनाशी धर. वेस्ट व्हर्जिनियात मधलीच गंमत आहे. ग्रीन बँकला मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यासाठी १९५८ पासून सुमारे १३,००० चौरस मैलांचा 'क्वाएट झोन' ठेवलाय, त्या दुर्बिणीच्या आसपास मोबाइलची बोंब असते. पण तुझा रेडिओ नुसता ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही, आणि उपग्रह वरून पाठवतोय, त्यामुळे झाडी नसलेल्या खोऱ्यात तो तिथे मस्त लागतो.

थोडं आतलं सांगतो, नाहीतर पुढचं का करायचं ते कळणार नाही. एक्सएम २००१ मध्ये सुरू झालं, सिरियस २००२ मध्ये, आणि २००८ ला दोन्ही एकत्र आल्या. (एक्सएमच्या पहिल्या दोन उपग्रहांची टोपणनावं 'रॉक' आणि 'रोल' होती, एवढा विनोद कंपन्यांनी करावा.) सगळं चालतं २.३ गिगाहर्ट्झच्या आसपास, नीट सांगायचं तर २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ. एक्सएमचे उपग्रह ८५ आणि ११५ अंश पश्चिम रेखांशावर विषुववृत्ताच्या वर, म्हणजे आपल्यासाठी दक्षिणेच्या आकाशात. न्यू जर्सीतून ८५ वाला जवळजवळ दक्षिणेलाच, किंचित पश्चिमेकडे, क्षितिजापासून साधारण ४२ अंश वर. ११५ वाला नैऋत्येला आणि बराच खाली, ३० अंशांच्याही आत, म्हणजे रस्त्याकडेची झाडं, डोंगर, ट्रक हे सगळे त्याच्या आड येतात. नेवाडात गेलास की उलटं, ११५ वाला दक्षिणेला उंच आणि ८५ वाला आग्नेयेला खाली.

दोन्ही उपग्रह एकच कार्यक्रम पाठवतात पण एक काही सेकंद मागे. रेडिओ ते दोन्ही साठवून जुळवतो, म्हणून पुलाखालून सत्तरच्या स्पीडने गेलास तर काहीच कळत नाही, पण त्याच पुलाखाली सिग्नलला उभा राहिलास की थोड्या वेळाने गप्प. हा बिघाड नाही. चॅनल बदलताना तो जो जरा विचार करतो त्यालाही हाच साठा कारण आहे. आणि तिसरी गोष्ट, मोठ्या शहरांत जमिनीवर तोच सिग्नल पुन्हा पाठवणारे रिपीटर टॉवर लावलेत, कारण इमारतींमधून आकाश दिसत नाही. ह्या रिपीटरमुळे एक मोठी फसगत होते, त्यावर पुढे येतो.

आता अँटेना. कारमध्ये हा विषय नसतोच, छताच्या मधोमध लोहचुंबकाने चिकटवली की झालं, खाली चार फूट लोखंड, वर मोकळं आकाश. बाइकवर लोखंडी छत नाही आणि वरून दोन माणसं बसलेली. माणसाच्या अंगात पाणीच पाणी, आणि ही फ्रिक्वेन्सी पाण्यातून जात नाही, म्हणजे तू स्वतः आणि तुझी बायको हेच सगळ्यात मोठे अडथळे. लोक अँटेना हँडलजवळ किंवा डॅशवर लावतात, छान दिसते, आणि उत्तरेकडे निघाले की रेडिओ जातो, कारण दक्षिणेचं आकाश त्यांच्याच छातीच्या आणि हेल्मेटच्या आड. मग येतात सांगायला की रेडिओ खराब आहे, जाताना बंद पडतो येताना चालतो.

मागे लावलीस तर उलटा प्रश्न, दक्षिणेकडे जाताना मागे बसलेल्याची पाठ आड येते. तुझ्या बाबतीत आकडे मांडून बघ. बायको बसल्यावर तिची पाठ टॉप बॉक्सच्या पुढच्या कडेपासून जेमतेम फूटभर लांब, आणि हेल्मेट झाकणाच्या वर पावणेदोन फूट तरी. अँटेना झाकणाच्या पुढच्या कडेला लावलीस तर समोरचं साठ अंशांपर्यंतचं आकाश झाकलं गेलं, ४२ अंशांवरचा उपग्रह गायब. तीच अँटेना झाकणाच्या मागच्या कडेला नेलीस की अंतर सव्वादोन फुटांच्या आसपास जातं आणि अडथळा अडतीस-चाळीस अंशांवर येतो, म्हणजे उपग्रह तिच्या हेल्मेटच्या वरून जेमतेम सुटतो. फूटभर जागेचा फरक, पण त्यावर सगळं अवलंबून. म्हणून झाकणाची मागची कड, जितकं वर आणि जितकं सपाट मिळेल तितकं.

गिव्हीचा बॉक्स प्लास्टिकचा आहे हे तुझं नशीब. प्लास्टिकमधून सिग्नल आरामात जातो, त्यामुळे अँटेना झाकणाच्या आतून लावता येते, पाऊस नाही, चोरी नाही, बाहेरून काही दिसत नाही. अॅल्युमिनियमचा बॉक्स असता तर बाहेरच लावावी लागली असती, कार्बन फायबरलाही तेच. फक्त ह्या चपट्या गोटीसारख्या अँटेनेला खाली धातूचा पत्रा लागतो, तो नसेल तर ती अर्धीमुर्धी चालते. पाच-सहा इंच चौरस, साधा लोखंडी पत्रा घे, कडा घासून गोल कर, गंज लागू नये म्हणून रंग मार. मग अँटेनेची वरची बाजू झाकणाला आतून चांगल्या जाड दुहेरी टेपने चिकटव (आधी स्पिरिटने पुसून घे, सिलिकॉनचं पॉलिश राहिलं असेल तर कुठलीही टेप महिनाभर टिकत नाही), आणि पत्रा खालून लाव, अँटेनेचं स्वतःचं लोहचुंबकच त्याला धरून ठेवतं. तरी खड्ड्यांसाठी पत्र्याच्या दोन कोपऱ्यांवरून टेपच्या पट्ट्या झाकणाला मार. अँटेनेचं तोंड वर आणि ती जमिनीला समांतर, झाकणाचा उतार जास्त असेल तिथे लावू नकोस.

केबलचं एकच सांगणं, कापू नकोस. जास्तीची केबल कापून परत जोडायचा मोह होतो, पण ह्याच केबलमधून अँटेनेतल्या छोट्या अॅम्प्लिफायरला वीजही जाते, जोड कच्चा झाला की सगळंच जातं. उरलेली केबल हाताच्या पंजाएवढी सैल गुंडाळी करून ठेव, झिप टाय आवळून तिला करकचून बांधू नकोस, आणि बिजागरीपाशी झाकण उघडताना-मिटताना चिमटत नाही ना ते बघ. रेडिओकडचा कनेक्टर नुसता दाबून बसणारा असतो, ओढ बसली की निसटतो, म्हणून त्याच्या अलीकडे दोन इंचांवर केबल कुठेतरी बांध म्हणजे ओढ बांधलेल्या जागी बसेल.

छिद्रं पाडण्याआधी, टेप चिकटवण्याआधी, नुसती रंगाऱ्याची टेप लावून टेस्ट घे. आणि इथेच ती रिपीटरची फसगत. रेडिओच्या मेनूमध्ये सिग्नलचे दोन पट्टे वेगवेगळे दिसतात, एक सॅटेलाइटचा आणि एक टेरेस्ट्रियलचा, म्हणजे जमिनीवरच्या रिपीटरचा, बहुतेक सगळ्या मॉडेलमध्ये आहे. आपल्या भागात न्यूयॉर्कच्या आजूबाजूला टेरेस्ट्रियलचा पट्टा भरलेला, मग अँटेना डिक्कीत तळाशी टाकलीस तरी गाणं वाजतं, तुला वाटतं काम फत्ते, आणि वेस्ट व्हर्जिनियात गेल्यावर सगळं ठप्प. म्हणून टेस्ट ससेक्स काउंटीच्या पुढे, डेलावेअर वॉटर गॅपच्या आसपास जाऊन, मोकळ्या पार्किंगमध्ये. टेरेस्ट्रियल शून्य किंवा नगण्य दिसलं पाहिजे. दोघंही हेल्मेट घालून बाइकवर बसा, बाइकचं तोंड चारी दिशांना फिरवा, प्रत्येक दिशेला मिनिटभर थांबून सॅटेलाइटचा पट्टा बघा. दक्षिणेला तोंड असताना जर पट्टा निम्म्याच्या वर टिकला तर जागा पक्की. बायको म्हणेल हे काय पार्किंगमध्ये गोल गोल फिरतोय, पण हा अर्धा तास पुढे फार कामाला येतो.

आता रेडिओ कुठे ठेवायचा. बहुतेक लोक हँडलबारवर रॅम माउंटने लावतात कारण गाण्याचं नाव दिसतं, बटण दाबता येतं. अडचण एवढीच की हे डॉकवाले (स्टँडमध्ये बसवायचे-काढायचे) रेडिओ, ऑनिक्स, रोडी वगैरे मंडळी, कारसाठी बनवलेली आहेत, वॉटरप्रूफ नाहीत. प्लास्टिकची पिशवी घालायची, मग उन्हात आत वाफ धरते, स्क्रीन उन्हात दिसत नाहीच. टँक बॅगच्या पारदर्शक खिशात ठेवणारेही आहेत, ते त्यातल्या त्यात बरं, पण मग अँटेनेची केबल मागून पुढे सीटखालून आणावी लागते.

मी तुला सांगेन सगळं टॉप बॉक्समध्येच ठेव. रेडिओ, अँटेना, ब्लूटूथ ट्रान्समीटर (रेडिओचा आवाज हेल्मेटमध्ये पाठवणारी डबी), सगळं आत, बाहेरून फक्त दोन तारांची वीज. दोन पिनचा एसएई प्लग लाव, बॅटरी चार्जरला असतो तोच, रात्री हॉटेलवर बॉक्स काढून खोलीत नेताना एक प्लग खेचला की झालं. तोटा एकच की चालताना चॅनल बदलता येत नाही. हा तोटा माझ्या मते फायदाच आहे, सत्तरच्या स्पीडने नजर खाली घालून चॅनल शोधणारे मी पाहिलेत. थांबशील तेव्हा बदल. तुला ते अजिबातच चालणार नसेल तर टँक बॅग, हँडलबार नाहीच. अॅरिझोना-नेवाडाच्या उन्हात काळा बॉक्स आतून भट्टी होतो, जेवायला थांबलास की रेडिओ बंद कर आणि तो तळाशी ठेव, झाकणाला लागून नको.

दुकानात तुला एसएक्सव्ही-३०० नावाची छोटी डबीही दाखवतील, स्वस्त पडते म्हणून. ती घेऊ नकोस. ती फक्त ट्यूनर आहे, 'सिरियस-एक्सएम रेडी' लिहिलेल्या हेड युनिटला (डॅशमधल्या मुख्य स्टिरिओला) जोडायची, एकटी काहीच वाजवत नाही. तुझ्याकडे हेड युनिट नाही.

वीज. नवीन डॉकवाल्या रेडिओंना ५ व्होल्ट लागतात, बाइकची बॅटरी १२ आणि चार्जिंग चालू असताना १४ च्या वर. थेट जोडलंस तर रेडिओ गेलाच समज. जुन्या रेडिओंचे व्होल्टेज वेगवेगळे आहेत, त्यामुळे फुकट मिळतोय त्याच्या मागचं लेबल भिंग घेऊन वाच आणि त्याचा स्वतःचा अॅडाप्टर मागून घे. सगळ्यात सोपं म्हणजे बॉक्समध्ये १२ व्होल्टचं सॉकेट बसवून त्यात रेडिओसोबत आलेला अॅडाप्टर लावणं, फक्त ते सिगारेट लायटरवालं प्लग बाइकच्या थरथरीने हळूहळू बाहेर येतं, त्याला टेप मार. सॉकेटची वीज रिलेवरून घे, रिले इग्निशनवर चालू-बंद होईल असा, म्हणजे तू किल्ली काढलीस की सगळं बंद आणि सकाळी बॅटरी मेलेली सापडणार नाही. बॅटरीच्या प्लसपासून पहिल्या काही इंचांतच फ्यूज, ह्या लाइनवर फक्त रेडिओ असेल तर ३ अँपिअर भरपूर. अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला, चॅसिसच्या कुठल्याही बोल्टला नको.

हे अर्थचं एवढ्यासाठी सांगतोय की बाइकवरच्या ऑडिओची नेहमीची तक्रार म्हणजे इंजिनच्या आरपीएमबरोबर चढत जाणारी शिट्टी. ती आली तर घाबरू नकोस, आधी ट्रान्समीटर त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवून बघ. शिट्टी गेली म्हणजे दोन अर्थमधला घोळ आहे, ऑडिओच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर घाल, काही डॉलरला मिळतो, छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आत. शिट्टी गेली नाही तर ती रेडिओच्या वीजपुरवठ्यातून येतेय, अॅडाप्टर बदल. आणि स्वस्तातले एलईडी दिवे लावले असशील तर एकदा ते बंद करून बघ, त्यांच्यातले ड्रायव्हर भयंकर गोंगाट करतात, काही वेळा तर दिवे लागले की सिग्नलचा पट्टाही खाली येतो.

आता कान, कारण शेवटी ऐकायचंय. एफएम ट्रान्समीटरच्या नादी लागू नकोस. बाइकवर एफएम रेडिओ नाही म्हणून हेल्मेटच्या हेडसेटमधल्या एफएमवर पकडू असं काहींच्या डोक्यात येतं, शहर बदललं की तीच फ्रिक्वेन्सी दुसऱ्या स्टेशनने घेतलेली, दर तासाला शोधत बस. तुम्ही दोघं आहात, दोघांकडे हेडसेट आहेत, तर तुला दोघांना एकदम पाठवणारा ट्रान्समीटर हवा. सेना कंपनीचा एसएम१० हेच काम करतो, ३.५ मिलिमीटरच्या ऑक्सला रेडिओ लावायचा आणि तो दोन हेडसेटना स्टिरिओ पाठवतो. तुमचे हेडसेट दुसऱ्या कंपनीचे असतील तर दुकानातच जोडून बघा, ब्लूटूथ आहे म्हणजे सगळं सगळ्याला जुळतं असं नाही. आणि आधी हे ठरवा की इंटरकॉम बोलताना गाणं थांबायला हवं की मागे हळू चालायला हवं, ते हेडसेटच्या सेटिंगमध्ये असतं, ट्रान्समीटरमध्ये नाही.

रेडिओच्या मागचं आउटपुट लाइन लेव्हलचं असतं, हेडफोन थेट लावलेस तर आवाज कमी वाटतो. ब्लूटूथ ट्रान्समीटरला ते चालतं, रेडिओच्या मेनूत ऑडिओ लेव्हल असते ती हळूहळू वाढव, गाणं फाटायला लागलं की दोन पायऱ्या मागे ये. आवाज हेडसेटवरून वाढवायचा, रेडिओवरून नाही.

हेल्मेटमधले स्पीकर कानाच्या छिद्रासमोर आले पाहिजेत, अर्धा इंच मागे-पुढे झाले तर आवाज निम्मा. बहुतेकांचे वर राहतात, कारण हेल्मेट घालताना कान खाली दुमडतो आणि मग सरळ होतो. कानाच्या पाळीला लिपस्टिकचा ठिपका लावून हेल्मेट घाल आणि काढ, अस्तरावर जिथे डाग पडेल तिथे स्पीकर. आणि खोबण खोल असेल तर मागे फोमचा तुकडा घालून स्पीकर कानाजवळ आण, कानाला टेकू मात्र देऊ नकोस, दोन तासांनी कान दुखतो.

आणि इअरप्लग घाल. हो, गाणी ऐकण्यासाठी इअरप्लग. हायवेच्या स्पीडला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. इथल्या एनआयओएसएच ह्या सरकारी संस्थेचा हिशोब असा की ८५ डेसिबलला आठ तास चालतं आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. वारा दाबायला तू गाणं वाढवणार, म्हणजे दोन्ही मिळून कानाची वाट. इअरप्लग वाऱ्याची घरघर जास्त कापतो आणि स्पीकर कानाजवळ असल्यामुळे गाणं, बोलणं उलट स्वच्छ ऐकू येतं. पहिल्या दिवशी विचित्र वाटतं, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय बसवत नाही. पुढची काच उंच कर, कॉन्कर्सची बटणावर वर-खाली होते, वाऱ्याचा झोत हेल्मेटच्या वरच्या कडेवर आदळतोय की डोक्यावरून जातोय ते दोन-तीन उंचींवर ऐकून बघ, रेडिओपेक्षा मोठा फरक तिथे पडेल.

कानात घालायच्या इअरफोनचं कायद्याचं लफडं आहे. कॅलिफोर्नियात वाहन कायद्याच्या कलम २७४०० प्रमाणे दोन्ही कानांवर हेडसेट किंवा दोन्ही कानांत इअरफोन चालत नाहीत, नुसते आवाज कमी करणारे इअरप्लग चालतात पण सायरन-हॉर्न ऐकू आला पाहिजे. न्यूयॉर्कमध्येही दोन कानांत इअरफोन नाही. राज्याराज्यात वेगळं आहे, म्हणून अस्तरातले स्पीकर हाच सोयीचा मार्ग, आणि निघण्याआधी वाटेतल्या राज्यांचे नियम एकदा चाळून घे.

फुकटच्या रेडिओबद्दल. घे, पण पैसे किंवा वेळ घालण्याआधी तो चालू करून शून्य नंबरचा चॅनल लाव, स्क्रीनवर त्याचा रेडिओ आयडी येतो. तो आयडी घेऊन कंपनीला विचार की हा अजून अॅक्टिव्हेट होतो का आणि कोणाच्या खात्यावर अडकलेला तर नाही ना. हे आधी. गार्मिनच्या झुमो ६६५ सारखे जुने जीपीएस एक्सएमच्या अँटेनेसकट सेकंडहँड विकायला येतात, त्यांनाही हाच नियम, विकणाऱ्याकडून आधी आयडी माग. जुनी अँटेना शक्यतो वापरू नकोस, नवीन स्वस्त मिळते आणि जुन्या केबलच्या टोकाला हिरवा गंज धरलेला असतो.

अॅक्टिव्हेट करताना बाइक गॅरेजबाहेर काढ, आकाश दिसलं पाहिजे, रेडिओ चालू ठेव, मग वेबसाइटवरून रिफ्रेशचा सिग्नल पाठव आणि गाणी सुरू होईपर्यंत बंद करू नकोस. गॅरेजमध्ये बसून तासभर वाट बघणारे भेटतात. प्लॅन घेताना पहिला सांगितलेला दर कधीच घेऊ नकोस, प्रमोशनल दर विचार आणि तो कधी संपतो ती तारीख फोनमध्ये टाक, कारण नंतर दर आपोआप वाढतो. सबस्क्रिप्शन बंद करणं किती लांबण लावणारं आहे यावरून न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलने २०२३ च्या डिसेंबरमध्ये कंपनीवर दावाच लावला होता, तेव्हा बंद करायचं असेल तर महिना संपायच्या दिवशी नको, आठवडाभर आधी बस.

मराठी चॅनल शोधू नकोस, मिळणार नाही. नाट्यसंगीत, भावगीतं, पॉडकास्ट काय हवं ते फोनमध्ये भरून घे, ब्लू रिजमध्ये तसंही फोनच वाजणार आहे. फोन थेट हेडसेटला जोडलेला असतो आणि ट्रान्समीटरही, कुणाला आधी मान द्यायचा ते हेडसेट ठरवतो, म्हणून फोनचं गाणं लावताना रेडिओ बंद कर नाहीतर दोघांची ओढाताण चालू.

आता साताऱ्याचं. पाठवू नकोस. हे उपग्रह उत्तर अमेरिकेकडे तोंड करून बसलेत, साताऱ्यात तो रेडिओ दिवा लावेल आणि सिग्नल शोधत बसेल. भारतात एके काळी वर्ल्डस्पेस हे सॅटेलाइट रेडिओचं नेटवर्क होतं, तुझ्या भावाला आठवत असेल, ए. आर. रहमान त्याची जाहिरात करायचा, अभिजात संगीताचे सुंदर चॅनल होते, पुण्यात लोक आग्नेयेच्या खिडकीत अँटेना ठेवून ऐकायचे कारण त्याचा एशियास्टार उपग्रह १०५ अंश पूर्वेला होता. पण ते २००९ च्या डिसेंबरअखेर बंद पडलं आणि त्याचे पट्टे, सेट सगळं वेगळंच होतं, १.५ गिगाहर्ट्झच्या आसपास. आज तिकडे बाइकवर ऐकायचं म्हणजे फोन आणि आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर अॅप, सातारा-महाबळेश्वर रस्त्यावर रेंज असेल तिथे चालतं. भावाला काही पाठवायचंच असेल तर हेल्मेटचा एक बरा हेडसेट पाठव.